एक तरी रंगीत

त्या फोटोग्राफरला सगळे 'हलूनका' म्हणत. नवरा-नवरीपासून जेवणाऱ्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना तो हे एकच वाक्य ऐकवायचा. दुसऱ्यांना सूचना देण्यात पटाईत, स्वतःच्या कामात मात्र आज करू उद्या करू. कॅमेऱ्याचा मागचा पडदा कधीचा फुटला होता, काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसायचाच नाही. एका लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने कुणा म्हाताऱ्याचा कृष्णधवल फोटो काढला आणि बटण परत रंगीतवर आणायचं राहून गेलं. घरी येऊन पाहतो तर अख्खं लग्न काळं-पांढरं. रंग कॅमेऱ्यात उतरलाच नव्हता, तर आणणार कुठून?

खरं सांगायला छाती लागते. त्याच्याकडे जीभ होती.

"रंग डोळ्यांना भुलवतात हो," तो नवरीला म्हणाला. "रंग काढले की माणूस उरतं. रंगीत फोटो जुने होतात, हे नाही होणार."

नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि फोटोही मेले देखणे निघाले होते. सासऱ्यांनी दाबून धरलेलं रडू, नवरीच्या मानेवरचा उजेड... बघणारा थबकायचा. त्यातला एक त्याच्या दुकानाच्या काचेत लागला आणि पुढची सगळी लग्नं तसंच मागू लागली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

एका दुपारी त्या नवरीची आई आली. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात इस्त्रीचं काम करायची. अंगात कामाचा राखाडी झगा तसाच होता.

"कामात असाल तुम्ही," ती स्टुलाच्या टोकावर टेकली.

"बोला ना, मावशी."

"मला कलेतलं काही कळत नाही. मुलगीच म्हणते. पण माझा एक तरी रंगीत असेल ना? छोटासा चालेल. तिला सांगू नका हं, चिडेल."

तिने पिशवीतून एक पिवळाधमक रेशमी पोशाख काढला. घडी अशी कडक, की हात लावायची भीती वाटावी.

"हा घातला होता. म्हटलं, बघून शोधायला सोपं जाईल. जन्म राखाडीत गेला हो माझा. कामाला राखाडी, घरात त्यातलंच जुनं. पिवळं पहिल्यांदा घातलं. दुकानदारानंसुद्धा विचारलं, नक्की तुम्हालाच ना? आणि फोटोत बघते तर मी परत राखाडीच! मुलीला म्हटलं, अगं, माझा पिवळा कुठं गेला? तर म्हणाली, आई, तुला नाही कळायचं."

हलूनकाने कॉम्प्युटर उघडला आणि शोधायचं नाटक केलं. लाजेने त्याचे कान तापले. कॅमेरा बिघडला होता, असं सांगायला ओठ उघडलेही. पण पिवळी घडी टेबलावर समोरच होती.

"मावशी, रंगीत एकही नाही. बटण चुकलं माझं. ते कलेबिलेचं सगळं मी नंतर रचलं." आणि त्याच दमात, "मुलीला नका सांगू."

हे शेवटचं तोंडातून गेलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"म्हणजे मला कळत होतं," मावशी हळूच म्हणाल्या.

"आत खोली आहे. हा घाला, आत्ता काढतो फोटो."

"आता कुठं? मुलगी शेजारी नको का?" पोशाख पिशवीत ठेवून त्या दाराकडे निघाल्या. "आणि नाही सांगणार तिला. फार जीव आहे तिचा त्या फोटोंवर. आईला कळत नाही, असंच वाटू दे."

तेवढ्यात एक तरुण जोडपं आत आलं. त्यातल्या मुलीने काचेतल्या फोटोकडे बोट दाखवलं.

"आम्हाला अगदी असेच हवेत. चांगले काढतात का हो हे?" तिने मावशींनाच विचारलं.

"माझ्याच मुलीचा आहे तो," मावशी म्हणाल्या. "फार छान काढतात."

ती मुलगी खुशीत हलूनकाकडे वळली. "रंग का नकोत, ते तुम्ही फार सुंदर सांगता म्हणे. सांगा ना!"

मावशी अजून दारातच होत्या, पिशवी काखेत नीट धरत. हलूनकाने कॅमेरा उचलला आणि बटण परत रंगीतवर आणलं.