बेड्या पुढून

"हात मागे," साहेब म्हणाले, आणि कारकुनाने हात मागे नेले.

हवालदार मामांनी बेड्या घातल्या. कट. कट. बत्तीस वर्षांचा हात. काम इतकं अलगद झालं की कारकुनाने मान वळवून विचारलं, "झालं?"

"झालं."

"आता समजा, तुम्ही कैदी आहात," चौकशीचे साहेब खुर्चीत रेलून कारकुनाला म्हणाले. "गाडी चालवून दाखवा."

"कुठली गाडी, साहेब?"

"समजा हो! ती समोरची खुर्ची म्हणजे गाडी."

कारकून खुर्चीवर बसला. हात पाठीशी, पोट पुढे. त्याने हनुवटीने हवेतलं स्टिअरिंग फिरवून पाहिलं, मग गुडघ्याने. मग शरमून म्हणाला, "नाही जमत, साहेब."

"बघा!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "हात मागे असते तर गाडी गेली नसती. सिद्ध झालं. लिहून घ्या."

कोणीच लिहून घेतलं नाही. लिहून घेणारा माणूस गाडीत बसला होता.

"काढा त्याच्या बेड्या."

मामांनी साहेबांच्या कोपराजवळ बोट दाखवलं. तिथे एक खाकी पाकीट होतं, तोंडावर लाखेचं सील. आत बेड्यांची किल्ली. मामांच्याच खिशातली, पण कैदी पळाले त्या दिवशी जप्त झालेली. पुरावा क्रमांक तीन.

"मग फोडा सील!"

"सील फोडायला लेखी आदेश लागतो, साहेब," कारकून म्हणाला. हात बांधले गेले तरी नियम त्याच्या तोंडातून सुटतच होते. "तीन प्रतींत. टाइप केलेला."

"मग करा टाइप."

कारकुनाने वळून बांधलेले हात साहेबांना दाखवले.

दुसरी किल्ली भांडारात होती. भांडारवाला जेवायला गेला होता, आणि तो जेवायला गेला की चार वाजतात हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं.

प्रश्न पहिला: आरोपींना बेड्या कशा घातल्या होत्या?

चौकशीचा फॉर्म छापील. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराला दोन ओळी. या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं, पुढून. म्हणजे जवळजवळ दोन्ही ओळी कोऱ्याच राहत होत्या. पण का, असं कोणी विचारलं असतं तर दोन वह्या पुरल्या नसत्या.

हवालदारांना सगळे मामा म्हणत. कैदी, वकील, चहावाला, सगळे. फक्त बायको 'अहो' म्हणे, आणि तेही ज्या सुरात म्हणे त्यात कौतुक औषधालाही नसे. मामांचं काम एकच: कैद्याला तुरुंगातून कोर्टात न्यायचं, कोर्टातून तुरुंगात आणायचं. नियम सांगतो, बेड्या मागून. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मामांनी नियम पाळला. अर्ध्या वाटेवर कैदी म्हणाला, लघवीला. मामांनी त्याला भिंतीपाशी उभं केलं. कैदी मामांकडे बघतोय, मामा कैद्याकडे.

"उरक ना लवकर."

"कसं उरकू, साहेब? चेन."

पुढे काय झालं ते मामांनी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. त्याच कैद्याला परतीच्या वाटेवर सर्दी झाली होती, हे मात्र सांगितलं. रुमाल एकच होता, आणि तो मामांचा.

"ज्याने नियम केला ना," मामा पुढे नव्या पोरांना सांगत, "त्याला जन्मात कधी सर्दी झाली नसणार."

दुसऱ्या दिवसापासून बेड्या पुढून. बत्तीस वर्षं पुढून. माणसं आपापलं नाक आपण पुसत गेली, आपापला चहा आपण पीत गेली. पळालं एकही नाही. वरून तपासणी आली की मामा वेशीपासून मागून घालत. साहेब लोक गेले की पुन्हा पुढून.

प्रश्न चौथा. दुसरा आणि तिसरा साहेबांनीच भरला, त्यात मामांचं वय आणि उंची होती.

आरोपींनी पलायन कसे केले?

गाडी बंद पडली ती नेमकी जिथे चिटपाखरू नाही अशा जागी. मागे दोन कैदी. एक जाड्या, पूर्वीचा ट्रक ड्रायव्हर, स्वतःचे नसलेले टायर विकल्याबद्दल आत. दुसरा सुतळी, खिसेकापू, नावाप्रमाणेच. सरकारी ड्रायव्हरचं पोट सकाळपासून बिघडलेलं. गाडी थांबली आणि तो पाण्याची बाटली घेऊन झुडपांमागे जो गेला, तो गेलाच.

"मामा, डिझेलच्या पाइपात हवा धरलीये," जाड्या मागून म्हणाला. "आवाजावरनं कळतं."

"तू गप बस."

"बसतो. मला काय घाई आहे? मला तुरुंगातच जायचंय."

"चालत जाऊ की," सुतळी म्हणाला. "आठ-दहा मैल तर आहे. मामांच्या गुडघ्यांचं काय ते मामा बघतील."

गुडघ्यांचा विषय निघाला आणि मामा विरघळले.

बॉनेट उघडं ठेवायची दांडी मोडलेली होती, म्हणून ते दोन्ही हातांनी मामांनीच वर धरलं. जाड्याने हात घातला. हात पुढे बांधलेले, दोन्ही एकदम चालत होते, पण चालत होते. सुतळी पाने देत होता, तेही न मागता बरोबर नंबरचे.

"काय हात आहे रे तुझा," मामांच्या तोंडून निघून गेलं.

"याच हाताने आत आलो, मामा. जरा स्टार्टर मारून बघतो."

"बघ."

"सुतळी, तूही चल. मला किल्ली फिरवताना गिअर धरायला माणूस पाहिजे."

"जा, जा," मामा बॉनेटखालून म्हणाले.

इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. मामांनी बॉनेट खाली घेतलं, नीट बसलं का ते दोनदा दाबून बघितलं आणि गाडीला वाट द्यायला बाजूला झाले. पहिला गिअर. दुसरा. तिसरा. ही गाडी इतकी मऊ कधी चाललीच नव्हती. क्षणभर, अगदी खरं सांगायचं तर, मामांना बरं वाटलं.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे थांबा! थांबा रे!"

आणि गाडी थांबली. शंभर पावलांवर. मामा धावत सुटले. दारातून दोन हात एकत्र बाहेर आले आणि त्यांनी रस्त्याच्या कडेला एकेक वस्तू नीट ठेवली: मामांची टोपी, मामांची काठी, मामांचा डबा.

"डबा राहिला होता, मामा!"

आणि गेले.

थोड्या वेळाने ड्रायव्हर पँट सावरत झुडपांमागून आला. त्याने रस्ता इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"गाडी?"

"दुरुस्त झाली," मामा म्हणाले.

इथे फॉर्ममध्ये जागा नाही, पण सांगितलं पाहिजे.

गाडी बारा मैलांवर सापडली. काचा वर, हँडब्रेक ओढलेला. त्यानंतर ती एकदाही बंद पडलेली नाही. सुतळीचा अजून पत्ता नाही. जाड्या तिसऱ्या दिवशी धरला गेला. एक भरलेली बस रस्त्यात बंद पडली होती, आणि हा गृहस्थ हातांवर टॉवेल टाकून शेजारून चालला होता. त्याला राहवलं नाही. प्रवाशांत साध्या कपड्यातला एक पोलीस होता. त्याने बस चालू होईपर्यंत दम धरला आणि मग त्याला पकडलं.

आणि आज सकाळी, चौकशीला निघताना, बायको म्हणाली होती, "अहो, मागूनच घातल्या होत्या म्हणून सांगा ना. तुमच्या बेड्यांची साक्ष काढायला कोण बसलंय?"

"खोटं कसं सांगू?"

"मग आपणहोऊन सांगू नका. विचारलं तर ऐकू येत नाही म्हणा. घरात कुठे येतं?" तिने कॉलरचं बटण लावून दिलं. "चार महिने राहिलेत. पोरगी-जावई निरोपाच्या कार्यक्रमाला यायचे म्हणतायत. वर्दीत निवृत्त व्हा, एवढंच. जगाच्या चोरांची नाकं सांभाळलीत. पोरीचं नाक पुसायला कधी सापडला नाहीत, ते आता पोरीसाठी एवढं करा."

जिना उतरताना मामांनी मनाशी ठरवून टाकलं की साहेब म्हणतील त्याला हो म्हणायचं.

पुन्हा प्रश्न चौथा

टाइपरायटरमध्ये जबाबाचे तीन फॉर्म आणि मध्ये दोन कार्बन आधीच चढवलेले होते. ते काढले तर कार्बन सरकणार. कोरे फॉर्म संपलेले. म्हणजे आधी जबाब, मग सील फोडायचा आदेश, मग कारकुनाची सुटका. आणि जबाब टाइप करू शकेल असा, दोन्ही हात मोकळे असलेला, खोलीत एकच माणूस होता.

"मला येतं," मामा म्हणाले. "एका बोटाने."

"एकाने तर एकाने. मी सांगतो ते घ्या." साहेबांनी घड्याळ पाहिलं. आवाज खाली आणला. "हे बघा हवालदार, मी तुमचा शत्रू नाही. मारहाण झाली असं आलं की विषय संपला. तुम्ही सुटता, मी सुटतो, खातं सुटतं. वर्दीत घरी जाल."

"आणि जाड्या?"

"त्याला चार वर्षं वाढतील. तो तसाही आतच आहे ना? घ्या. 'आरोपींनी माझ्यावर हल्ला केला व मला ढकलून देऊन...'"

मामा 'आ' शोधू लागले. तो सापडेपर्यंत कारकून कण्हला.

"मामा, नाक."

मामा उठले, त्याचं नाक खाजवलं, परत आले. 'रो' सापडला.

"जरा डावीकडे राहिलं, मामा."

मामा उठले. साहेबांनी डोळे मिटले. 'आरोपींनी माझ्यावर हल्ला' इथवर यायला पाव तास आणि तीन नाकं लागली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत साहेबांचा फोन वाजला.

"पूर्ण करून ठेवा," म्हणत साहेब गेले.

खोलीत दोघे. मामांचं बोट हवेत थांबलं. साहेबांनी सांगितलेलं वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. बायकोचंही. जाड्याचं काही आठवावं लागलं नाही. तळहात काळे, दोन्ही हात एकदम पुढे.

बोट खाली आलं. टक. मग पुन्हा. टक.

कारकून खुर्चीसकट सरकत सरकत मागे आला आणि खांद्यावरून वाचू लागला.

"मामा, साहेब हे बोलले नव्हते."

"नाही."

"खोडता येत नाही हं. कार्बन आहे."

"माहीत आहे."

"चार महिने राहिलेत तुमचे."

"ते तर सगळ्यांनाच माहीत आहे रे. तू सांग, 'ढ' कुठाय?"

"तिसरी रांग, उजवीकडे," कारकून म्हणाला. हात मोकळे असते तर कदाचित त्याने मामांना आवरलं असतं. आता तो फक्त अक्षरं दाखवू शकत होता, आणि ती त्याने शेवटपर्यंत दाखवली.

उत्तर, टाइप झालं तसं

आरोपींनी माझ्यावर हल्ला केला नाही. गाडी बंद पडली होती. मी आरोपी क्र. १ यास दुरुस्त करण्यास सांगितले. त्याने केली. बेड्या पुढून होत्या म्हणून करता आली. चालू करून बघ असे मीच म्हटले. बॉनेट मी धरले होते. जाताना त्यांनी माझी टोपी, काठी व डबा रस्त्याच्या कडेला काढून ठेवला. डबा सांडला नव्हता.

ओळी दोन होत्या. उत्तर प्रश्न पाच आणि सहावरून चालत जाऊन सातव्यावर थांबलं.

साहेब परत आले. उभ्यानेच वाचलं. दुसरी प्रत वाचली, तिसरी वाचली, जणू कार्बनमध्ये काही वेगळं उमटलं असेल.

"डबा सांडला नव्हता, हे कशाला?"

"नव्हता सांडला, साहेब."

"याचा अर्थ कळतो तुम्हाला?"

"हो."

साहेबांनी तिन्ही प्रती फायलीत लावल्या. मग म्हणाले, "आदेश टाइप करा सील फोडायचा. आणि त्याखाली दुसरा. तुमच्या निलंबनाचा."

मामांनी दोन्ही टाइप केले. दुसरा जरा लवकर झाला. अक्षरं सापडायला लागली होती. सील फुटलं. मामांनी सवयीने किल्लीकडे हात नेला.

"थांबा! निलंबित माणसाला बेड्यांना हात लावता येत नाही," कारकून कळवळून म्हणाला.

मग साहेबच कारकुनामागे ओणवे झाले. दहा मिनिटं खटपट चालली.

"डावीकडे, साहेब," मामा हात पाठीशी ठेवून सांगत होते. "हलक्या हाताने. दाबू नका, आपोआप सुटते."

सुटली. मामांनी पट्टा, बिल्ला, टोपी टेबलावर ठेवली. शर्टही सरकारी, तो अंगावर घालून रस्त्याने जाणं आता गुन्हा. कारकुनाने मनगटं चोळत खुंटीवरचं स्वतःचं जाकीट काढलं आणि मामांच्या खांद्यांवर घातलं. ते दोन बोटं आखूड झालं.

बसमध्ये गर्दी नव्हती. मामा नेहमीच्या जागी, दारामागे उभे राहिले. कंडक्टर ओळखीचा होता. रोज वर्दी बघून मान हलवून पुढे जायचा. आज त्याने समोर येऊन चिमटा वाजवला.

"तिकीट?"

मामांनी तिकीट काढलं. ते कुठे ठेवायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून उतरेपर्यंत त्यांनी ते दोन बोटांत धरून ठेवलं, कोणी तपासायला आलं तर पटकन दाखवता यावं असं.