भार टेकला

"ऐकलंस का रे?" सासरेबुवा रेडिओला म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, चाला. आणि लोक अजून गादीवरच!"

रेडिओ हवामानाचा अंदाज सांगत होता. त्याला या भानगडीत पडायचं नव्हतं.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. या घरात लेक नव्हती, म्हणून सासरे रेडिओला बोलत आणि सून आतल्या खोलीत पलंगावर पडून ऐकून घेई. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण म्हाताऱ्यानं तिच्याशी सरळ बोलल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. मिठाची बरणी का हलली, कपाची जागा कोणी बदलली, आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे खुर्ची. पॅसेजमधली त्यांची खुर्ची जरा जरी सरकली तरी ते घर डोक्यावर घेत. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आला आला म्हणेपर्यंत गेला. तेव्हा या जमदग्नीच्या हातचा चहा पिऊन तिला बरं व्हायचं होतं.

ती मोठमोठ्या हॉलांचे पडदे शिवायची आणि टांगायचीही. पडदे टांगणाऱ्यांना एक खोड असते. पडदा चढवला, चुण्या सारख्या केल्या, की दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून बघायचं. झोळ नीट पडलाय ना? जमिनीवर हे ठीक आहे. ती परांचीवर होती. पडदा इतका देखणा पडला होता की तिला त्याचं भान राहिलं नाही. दोन पावलं मागं सरली. दुसऱ्या पावलाखाली फळी नव्हती.

खुब्याचं हाड मोडलं, मांडीत सळई घातली. मग सुरू झाले ते पलंगावरचे लांबच लांब दिवस. गोळ्यांनी डोळे मिटत, उघडत. खिडकीचा पडदा फुगे, बसे, आणि खोलीच श्वास घेते आहे असं वाटे. तिला एकच स्वप्न पडायचं. ती एका आकड्याला लटकते आहे, खाली हिरवं पाणी, ती संथ गोल फिरते आहे, आणि खूप खाली एक इवलासा माणूस पांढरे हात हलवतो आहे. स्वप्नात तिला भीती वाटत नसे. भीती वाटायची ती जागेपणी, पलंगाखाली पाय सोडल्यावर.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आता पायावर भार दिला नाही तर खुबा आखडेल. मग परांची सोडाच, काठीशिवाय घरातसुद्धा फिरता येणार नाही. तिला चालायचं होतं, अगदी जीव तोडून चालायचं होतं. पण वॉकर धरून उभी राहिली की पाठीमागं जमीनच नाही असं वाटे, आणि पाय पुतळ्यासारखा थिजून जाई. ती रडायची आणि परत आडवी व्हायची.

एका दुपारी सासऱ्यांनी रेडिओ बंद केला. पेटीच्या तळातून त्यांनी पांढरे हातमोजे काढले, वापरून वापरून पिवळे पडलेले. म्हातारा जन्मभर बंदरावर क्रेनला खुणा देत आला होता. वर केबिनमधल्या माणसाला खालचं दिसत नाही, तो फक्त खुणा देणाऱ्याचे हात बघतो. मोजे चढवून ते पॅसेजच्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, चपला घाल आणि निघ. खाली बघू नकोस. माझ्या हाताकडे बघ."

"मला भीती वाटते, बाबा."

"भाराला कसली आलीय भीती? भार कुठं स्वतः बघतो? बघायचं काम खुणा देणाऱ्याचं. आयुष्य गेलं माझं त्यात, एक पेटी सांडू दिली नाही."

"मी काय पेटी आहे?"

"पेटी बरी. उलट बोलत नाही."

तिला हसू आलं, आणि हसताहसता पाऊल पडून गेलं.

त्या खुणा ती हळूहळू शिकली. पंजा आत वळला की ये. बोटं थरथरली की हळू. दोन मुठी एकमेकींवर आडव्या आल्या की जागच्या जागी थांब. आणि दोन्ही पंजे सावकाश खाली दबले की टेकला. टेकला म्हणजे पोचलीस, आता बस. नजर कसली ती, घारीची! तिचा पाय ओढला जायचा अवकाश, मुठी आडव्या झालेल्या असत. ती निर्धास्त झाली. आपण म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर चालतोय, आपल्याला बघायची गरजच नाही, असं तिला वाटू लागलं. फक्त एका गोष्टीवरून ते खेकसत, चपलांवरून. "फटक फटक वाजल्या तरी चालतील, पण अनवाणी चालायचं नाही!"

"एवढं का चिडता माझ्यावर?" एकदा तिनं विचारलंच.

"वर चढलीस तेव्हा खाली कोण उभं होतं?"

"कोणी नाही."

"मग?" म्हातारा मोजे काढू लागला. "मला सांगितलं असतंस तर आलो असतो मी."

त्यानंतर वॉकर सुटला. भिंतीला हात लावत ती चालू लागली.

मग ती दुपार आली. पॅसेजमध्ये पिवळं, उबदार ऊन लांबवर पसरलं होतं, घर अर्धवट झोपेत असल्यासारखं शांत होतं. सासरे खिडकीपाशी मोजे घालून उभे होते. तिला वाटलं, ते ऊन तळव्यांना लागू द्यावं. दारातच तिनं गुपचूप चपला काढल्या आणि निघाली. भिंतीला हात न लावता. वाटेतली खुर्ची तिनं आधारासाठी धरली, ती जराशी सरकली, तीही आवाज न करता. पाय मऊ पडत होते. ती चालत नव्हतीच, तरंगत होती. पुढं ते पांढरे हात, ये, ये, हळू.

ती त्यांच्यापर्यंत पोचली. हात लांबवला तर मोज्याला लागेल इतकी जवळ.

हात म्हणत होते, ये. हळू. ये.

ती एका बाजूला झुकली. हात वळले नाहीत. सासऱ्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, खोलीच्या रिकाम्या दाराकडे लागली होती. कान टवकारलेले आणि कपाळावर चिंतेची आठी. अजून निघाली कशी नाही ही?

खुर्ची. कप. मीठ. चपला. सगळं एकदमच तिला कळून चुकलं. इतके दिवस ती ज्या डोळ्यांवर चालत होती ते डोळे नव्हतेच. राग आला, हसू आलं, आणि मग तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. म्हातारा अंधारात उभा राहून तिला उजेड दाखवत होता, आणि हे कोणाला कळू नये म्हणून एवढा कडकपणा.

ती मागं सरली. वळून न बघता. एक पाऊल, मग दुसरं. दुसऱ्या पावलाखाली जमीन होती.

मग तिनं मुद्दाम पाय घासला, मोठ्यानं धापा टाकल्या आणि तीच दोन पावलं पुन्हा चालून आली.

सासऱ्यांच्या कपाळावरची आठी सुटली. दोन्ही पंजे सावकाश खाली दबले.

"टेकला," ते म्हणाले. "आज फार वेळ लावलास."

"दमले होते, बाबा."

"चपला कुठायत?"

"विसरले. उद्यापासून घालीन."

"घाल," म्हणत त्यांनी मोजे काढले आणि बोटं जुळवून नीट घडी केली. ते भिंतीच्या कडेनं परत निघण्याआधी ती लगबगीनं, लंगडत पुढं झाली आणि सरकलेली खुर्ची उचलून फरशीवरच्या तिच्या चार जुन्या खुणांवर ठेवून दिली.