रिकामी दिसलेली जागा

खरं सांगतो, हे लिहायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा खोडलं. मग ज्याची गोष्ट आहे तो स्वतःच म्हणाला, "लिही, पण मला हिरो करू नकोस." म्हणून लिहितोय.

"एक डोळा झाक. तो नाही रे, डावा," विज्ञान म्हणाला.

सकाळच्या चहाची सुट्टी होती. क्रेनवाला आणि विज्ञान सिमेंटच्या पोत्यांवर बसले होते. विज्ञान म्हणजे खरा तर सिग्नलवाला. क्रेनखाली उभं राहायचं, हुकाला माल अडकवायचा आणि वॉकीटॉकीवरून वरच्याला सांगायचं, उचल, फिरव, सोड. पण हा मोबाईलवर कुठलं कुठलं शास्त्र बघून यायचा आणि चहाबरोबर वाटायचा, म्हणून अख्खी साइट त्याला विज्ञान म्हणायची. आदल्या दिवशी त्याने सांगितलं होतं, पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर पळते, आणि आपण तिच्यावर बसून. "आणि मुकादम म्हणतो, हे दोघं जागचे हलत नाहीत," क्रेनवाला म्हणाला होता.

आज विज्ञानने एका चिठ्ठीच्या पाठीवर फुली काढली आणि उजवीकडे चार बोटं सोडून एक जाड ठिपका.

"उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघायचं. कागद लांब धर, हळूहळू जवळ आण. एका ठिकाणी ठिपका गायब होईल. अजून जवळ आणलास की परत येईल."

"जादू शिकलास काय?"

"जादू कसली. डोळ्याच्या मागून जिथे शीर मेंदूकडे जाते ना, तिथे दिसायची सोयच नसते. हे भोक सगळ्यांना असतं. तुला, मला, मुकादमाला."

"मुकादमाला नसणार. त्याला सगळं दिसतं."

"ऐक तर. मजा पुढे आहे. ते भोक काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग घेतो आणि रफू करतो. असलेलं दिसत नाही, वर आपल्याला त्याचा पत्ताही नसतो."

क्रेनवाल्याने कागद धरला. ठिपका गेला. कागद जवळ आणला, अजून जवळ, नाकाला लागेपर्यंत. पांढराच. लांब नेला. तरी पांढराच. मग ठिपका डावीकडे येईल असा कागद फिरवून डाव्या डोळ्याने बघितलं. तेच.

"आला का?"

"आला."

"बघ, म्हटलं नव्हतं?" विज्ञान खूश झाला आणि उरलेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

क्रेनवाल्याने कागदाची घडी करून खिशात टाकली. त्याला वडील आठवले. तो शाळेत असताना वडिलांनी एकदा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला होता, हवेत. आई चिडली, "लक्ष कुठंय तुमचं?" वर्षभरात वडील भिंत चाचपत चालायला लागले. डोळ्यातला दाब वाढलाय, डॉक्टर म्हणाले होते, घराण्यात चालत येतं, मुलाचंही तपासून घ्या. ते राहिलं. पुढे त्याने स्वतःच ते राहू दिलं. हल्ली पायरी चुकायची, दाराच्या कडेला खांदा लागायचा. झोप कमी पडते, असं तो बायकोला सांगायचा.

शिडी तो हाताने चाचपत चढला.

वर केबिनमध्ये बसून त्याने खाली बघितलं. भोक शोधू लागला, तर भोक कुठेच नाही. वाळूचा ढीग, विटांच्या रांगा, पाण्याची टाकी, सगळं जागच्या जागी. त्याची बोबडी वळली ती त्यानेच. यातलं खरं किती आणि रफू किती, हे विचारायचं कुणाला?

दुपारपर्यंत त्याने विज्ञानच्या आवाजावर निभावलं. जेवणानंतर सळयांचा भारा आला. "ये, ये. डावीकडे. सावकाश," वॉकीटॉकी बोलत होता. मग गप्प झाला.

आवाज थांबला की क्रेन थांबवायची, हा दोघांचा नियम. पण उतरवायची जागा त्याला लख्ख दिसत होती. दोन लाकडी ठोकळे, मध्ये पिवळी वाळू, माणूस नाही. आपले डोळे ठीक आहेत हे त्याला स्वतःलाच दाखवायचं होतं. त्याने दांडा पुढे केला.

खाली कुणीतरी जोरात ओरडलं. तेवढ्यात वाळूतूनच उगवल्यासारखा एक नारंगी जाकीटवाला बाजूला उडाला, आणि भारा ठोकळ्यांवर बसला.

क्रेनवाला खाली उतरला. विज्ञान वाळूत बसला होता, कोपर सोलवटलेलं, एक बूट भाऱ्याखाली अडकून राहिलेला. सेफ्टीचे साहेब वही घेऊन उभे.

"माझंच चुकलं साहेब," विज्ञान सांगत होता. "मी सोड म्हणालो, आणि मग ठोकळा सरकवायला वाकलो. वॉकी खिशात होता."

"मग उद्यापासून येऊ नकोस. असला माणूस मला क्रेनखाली नको."

विज्ञानने मान डोलावली. क्रेनवाल्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तो सोड म्हणाला नव्हता," क्रेनवाला म्हणाला.

"तू गप रे," विज्ञान पुटपुटला.

"तो मला दिसला नाही साहेब."

"ऊन डोळ्यांवर आलं?"

"नाही. तो होता तिथे मला वाळू दिसली."

साहेबांना काही कळेना. विज्ञानला मात्र कळलं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढराफटक पडला.

संध्याकाळी दोघं गेटबाहेर कठड्यावर बसले. क्रेनवाल्याचा साइटचा पास साहेबांनी काढून घेतला होता.

"सकाळी ठिपका आला म्हणालास," विज्ञान म्हणाला.

"हो."

"आला होता?"

"नाही."

विज्ञान कोपरावरची पट्टी नखाने उचकटत राहिला. "मी वाकलो होतो ना, तेव्हा अंगावर सावली आली. मला वाटलं, ढग आला. बरं वाटलं जरा."

क्रेनवाल्याने त्याची उचकटलेली पट्टी परत दाबून चिकटवली.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," विज्ञान म्हणाला. "गेलेलं परत येत नाही म्हणे, पण औषधाच्या थेंबांनी उरलेलं धरून ठेवता येतं."

"वडिलांचं नाही राहिलं."

"ते उशिरा गेले. आपण उद्या जातोय." जरा थांबून तो म्हणाला, "एक विचारू? तुझं सर्टिफिकेट अजून दोन वर्षं चालतं. लांबच्या एखाद्या साइटवर गेलास तर तुला कोण हटकणार आहे?"

क्रेनवाल्याने मान खाली घातली. गेटपर्यंत चालत येताना त्याच्या डोक्यात नेमकं हेच होतं. घरी सांगायला नको, मुलीपुढे भिंत चाचपायला नको, अजून दोन वर्षं.

"तिथे खाली मी नसणार," विज्ञान म्हणाला. "दुसराच कुणीतरी असेल. तुला त्याचा चेहराही माहीत नसेल."

रस्त्यावरून माणसं घरी चालली होती. क्रेनवाला एकेकाकडे बघत होता, आणि मध्येच एखादा नाहीसा होऊन पुढे पुन्हा उगवत होता. आज पहिल्यांदाच ते त्याच्या लक्षात येत होतं.

"नाही चढणार," तो म्हणाला. "खाली कोणीही असो. शब्द देतो तुला."