पट्टीने मारलेल्या रेघा

"साहेब, एका माणसाची चौकशी करायची व्हती," पुंजाराम विधाते टोपी काउंटरवर ठेवत म्हणाले आणि मागे कुणी ऐकत तर नाही ना, ते त्यांनी पाहून घेतलं.

वाल्मीक गायधनींनी रजिस्टरातून मान वर काढली. पंचवटीतल्या त्या वाचनालयात ते एकवीस वर्षं पुस्तकांची देवघेव सांभाळत होते. माणसं त्यांच्याकडे पुस्तक मागायला येत, नाहीतर दंडावरून भांडायला. चौकशीला आलेला हा पहिलाच.

"आमच्या तेजस्विनीला स्थळ आलंय. ललित जेजुरकर. थर्मलच्या वीज केंद्रात नोकरी हाय, एकलहऱ्याला. तुमच्या लायब्रीत येतंय म्हणं ते पोरगं. गल्लीत इचारलं तर सगळे गोडच बोलत्यात. तुमाला खरं ठाऊक आसंल."

वाल्मीकराव सुखावले. कार्डावरून आपण माणूस ओळखतो, हे ते बायकोपासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ऐकवत आले होते आणि आजवर कुणीही ते मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी ऐटीत ललितचं कार्ड काढलं.

"हे बघा. सहा वर्षं नुसती थोरामोठ्यांची चरित्रं. कथा-कादंबरीला हात नाही. एक दिवस उशीर नाही, पानाला डाग नाही. पुंजारामभाऊ, डोळे झाकून द्या पोरगी."

पुंजारामांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही हात जोडले.

तेजस्विनीचं कार्ड काढायची गरजच नव्हती, ते वाल्मीकरावांना तोंडपाठ होतं. प्रवासवर्णनं, नेहमी उशिरा, आणि पानांत मखमलाबादच्या मळ्यातली माती. कपाटांच्या मधल्या बोळात उभ्यानेच दहा-दहा पानं वाचून टाकायची आणि मग काउंटरवर येऊन वाद घालायची. "काका, या लेखकाने लडाख पाहिलेलंच नाही, पैज लावा. नकाशा बघून लिहिलंय सगळं." तिला दंड लावणं त्यांच्या जिवावर येई. सालस, शिस्तीचा नवरा मिळाला तर पोरगी जरा वेळेवर येईल, असं त्यांना गमतीने वाटून गेलं.

लग्न फेब्रुवारीतलं ठरलं. अठ्ठ्याण्णव साल होतं ते.

वाचनालयात दुपारी कुणी फिरकत नसे. तेव्हा वाल्मीकराव परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलच्या खुणा खोडत बसत. लोक काय वाटेल ते लिहितात. कुणी वाणसामानाची यादी, कुणी लेखकाला शिवी. ललितची रेघ मात्र पट्टीने मारलेली असे, बारीक आणि सरळ. इतक्या वर्षांत त्याला त्याबद्दल एका शब्दाने बोलावं असं त्यांना वाटलं नव्हतं, उलट कौतुकच होतं. रेघ दिसली की रबर फिरवायचा आणि पान उलटायचं. वरची ओळ वाचत बसलं तर काम कधी संपणार?

लग्न तोंडावर आलं असताना एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला. हवेसाठी ते ललितने परत केलेलं पुस्तक घेऊन खिडकीत बसले. रबर टेकवणार तोच ओळ वाचली गेली. 'लग्नानंतर वर्षभर ते पत्नीशी एक शब्दही बोलले नाहीत. त्यानेच ती वळणावर आली.'

त्यांनी पुढची रेघ शोधली. 'चूक कबूल करेपर्यंत तिला जेवायला वाढू नये, अशी त्यांची ताकीद होती.'

चारशे पानांचं चरित्र होतं. त्या गृहस्थाने शाळा काढल्या, दुष्काळात अन्नछत्र चालवलं, तुरुंग भोगला. त्यातल्या एकाही ओळीखाली रेघ नव्हती.

वाल्मीकराव उठले. ललितने पूर्वी नेलेली पुस्तकं त्यांनी एकेक करून कपाटातून काढली. रेघा त्यांनीच खोडल्या होत्या, आणि खोडण्यात त्यांचा हात चोख होता. पण पेन्सिल दाबून फिरवलेली असे. पान उजेडात तिरपं धरलं की कागदावरची खाच दिसायची. दुसरं पुस्तक, तिसरं, सातवं. माणसं वेगळी, काळ वेगळे, खाच मात्र नेमकी घरातल्या बाईला गप्प केलेल्या ओळीखाली. सहा वर्षं तो आपला स्वभाव त्यांच्या हातात आणून देत होता आणि ते रबराने तो पुसत होते.

हळदीला दोन दिवस होते. चार पुस्तकं पिशवीत घालून ते मखमलाबादला गेले. दारात मांडव पडला होता. पुंजारामांनी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं, चहा सांगितला. वाल्मीकरावांनी चहाला हात न लावता पान तिरपं धरलं.

"हे बघा भाऊ. मी चुकलो. हे लग्न थांबवा."

पुंजारामांनी डोळे बारीक करून पाहिलं. "मला तर काय दिसंना."

"खाच आहे बघा, इथे. आणि ही या पुस्तकातली रेघ तर अजून तशीच आहे."

"म्हंजी पुस्तकात रेघ मारली म्हणून लगीन मोडू?" त्यांचा आवाज चढला, मग मांडवातली माणसं वळून बघताहेत म्हणून खाली आला. "पत्रिका वाटून झाल्या, साहेब. आन तुमीच म्हणले ना, डोळे झाकून द्या? तुमच्या शब्दावर होकार दिला म्या."

वाल्मीकरावांनी बाकीची पुस्तकंही पिशवीतून काढली. तेवढ्यात हातात हिरवा चुडा भरलेली तेजस्विनी बाहेर आली. तिने पुस्तकं घेतली, चारही जागा नीट वाचल्या. क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती हसली.

"काका, मी कुणाचं ऐकून घेते का? तुम्हाला तर माहितीय. त्यांच्याशी वाद घालीन मी. दोन प्रवासवर्णनं वाचायला लावते, बघा तुम्ही."

तिच्या त्या हसण्याची वाल्मीकरावांना विलक्षण भीती वाटली. पण मांडवात बायका गाणी म्हणत होत्या आणि पुंजारामांनी पाठ फिरवली होती. ते उठले.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता ती वाचनालयात आली. बाहेर ललित स्कूटरवर बसून होता, इंजिन चालूच होतं. तिने आपलं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"नाव कमी करायचंय."

"का गं? वेळ मिळत नाही?"

"घरी वाचन होतं ना. ते रोज संध्याकाळी वाचून दाखवतात. तासभर." ती काउंटरच्या लाकडाकडे बघून बोलत होती. "मग प्रश्न विचारतात. काय कळलं, ते मी सांगायचं."

वाल्मीकरावांनी रजिस्टर पुढे केलं. विचारू नये असं वाटत असतानाही त्यांनी विचारलं.

"आणि चुकलं तर?"

तिने सही केली. पूर्वी ओळीच्या बाहेर जाणारी तिची सही आता चौकटीत नीट बसली. पेनला टोपण लावून तिने ते जागच्या जागी ठेवलं.

"आता नाही चुकत माझं," ती म्हणाली आणि हॉर्न वाजायच्या आत बाहेर गेली.