ओठांआधी नाक

उतरत्या उन्हात विहिरीकाठी ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटलेली वत्सलाताई, माझी थोरली बहीण, मला अजून तशीच दिसते. पाणी ओठांआधी नाकाला, हा तिचा नेम. सातपाटीला आमच्या अंगणात, वाळत्या बोंबलांच्या सावलीत बसूनही ती चहा आधी हुंगायची, आणि आई चिडवायची, "अगो, चहा हाय तो, अत्तर नाय!"

बोईसरपलीकडे, कारखान्यांच्या कुशीतल्या गावांत ती डॉक्टर म्हणून मुलांची छाती तपासायची, त्वचेवरचे चट्टे पाहायची आणि त्याच हातांनी विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून तपासणीला धाडायची. माणसाचं दुखणं आणि मातीचं दुखणं तिच्या लेखी वेगळं नव्हतंच. अहवाल यायचा तेव्हा यायचा. तोवर तहान थोडीच थांबते? बायका हंडे खाली ठेवून विचारायच्या, "ताई, पिऊ ना?" आणि तिच्या होकारावर अख्खा पाडा पाणी प्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात कुंभवलीजवळच्या एका पाड्यावर मी तिच्यासोबत होते. पोहरा वर आला आणि उग्र दर्पाने माझे डोळे चुरचुरले. बायकांनी पदर नाकाला लावले. ताईने ओंजळ भरली, शांतपणे हुंगली आणि म्हणाली, "आज बरं आहे. उकळून प्या."

कोणीच हंडा उचलला नाही. तिने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. एका म्हातारीने तिच्या ओंजळीतलं पाणी हळूच सांडून टाकलं. "ताई, तुला वासच येत नाय गं?"

देवा रे, तो चेहरा! इतकी वर्षं ती कारखान्यांचा तो धूर, ते सांडपाणी हुंगत आली. त्यांनीच केव्हातरी तिचं नाक नेलं, आणि तिला कळलंसुद्धा नाही. परतताना रिक्षात ती एकच विचारत राहिली, "याआधी कितीदा हो म्हटलं असेन गं मी? कुणाकुणाला?" मला रडू आवरेना.

आता ती ओंजळ माझ्या नाकाशी धरते आणि माझा चेहरा निरखते. माझं नाक तरी कुठवर पुरणार, ही धास्ती दोघींनाही आहे.

काल सातपाटीच्या अंगणात डोळे मिटून बसल्या बसल्या ती अचानक म्हणाली, "बोंबील वाळतायत ना गं?" समोरचे बोंबील टांगायचे बांबू कधीचे रिकामे होते. हरवलेल्या गोष्टीचा दरवळ आठवणीत किती काळ तग धरतो, कोण जाणे. मी म्हटलं, "हो ताई, वाळतायत."