घासणारं दार

सुताराला गावात तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे ‘रंधा’. लाकूड असो की माणूस, हाताशी आलं की तो सोलायचाच. पोटच्या पोरालाही त्याने सोडलं नाही. नऊ वर्षांपूर्वी चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला होता, “तुझ्या हातून एक दार धड व्हायचं नाही.” पोराने पटाशी खाली ठेवली आणि गेला तो थेट जहाजावर. तेव्हापासून आईला पत्रं येत, पण बापासाठी त्यात एक ओळ नसे.

पत्रांवर पत्ता असायचा एका परक्या बंदरातल्या घराचा. तीन-चार महिन्यांनी जहाज तिथे लागलं की पोरगा त्या घरी मुक्कामाला जायचा. शेवटी सुताराच्या बायकोनेच त्या लोकांना लिहून, जहाज लागायच्या सुमारास नवऱ्याला तिथे पाठवायचं ठरवलं आणि त्याला बजावलं, “अहो, तिथे जाऊन शिकवू नका. नुसते समोर उभे राहा.” पोराला तिने कळवलं नाही. कळलं असतं तर तो त्या घराकडे फिरकलाच नसता.

घर बंदरावरच्या चढणीला होतं, अरुंद आणि उंच. यजमान जन्मभर गोदीत क्रेन चालवून आता घरी बसलेला, बायको मागच्या खोलीत ताडपत्र्या शिवायची. पोरगा तिला मावशी म्हणायचा, म्हणून सुतारही मावशीच म्हणू लागला, जरी ती त्याच्याहून चार वर्षांनी लहान होती. तरुणपणी त्याने परमुलखात दोन वर्षं काढलेली, तेव्हाची मोडकीतोडकी भाषा कामी आली. बाकीचं हातवाऱ्यांवर भागलं.

त्याला त्यांनी पोराचीच खोली दिली. खुंटीवर त्याचा स्वेटर होता. पहिल्या दिवशी सुताराने तो नुसता पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यात तोंड खुपसलं आणि घळाघळा रडला. एवढा मोठा माणूस, पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लहान मुलासारखा स्वेटर दातात धरून.

यजमान कपबशीसुद्धा विसळू देत नसत. असं आयतं बसून खाणं त्याच्या अंगी लागेना. त्यातून समोरचं दार पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत होतं. उघडताना ते उंबऱ्याला घासायचं आणि खर्रकन ओरडायचं. कुण्या अडाण्याने बसवलंय, असं तो मनाशी म्हणाला. सहाव्या दिवशी नवरा-बायको बाजाराला गेली, तसा त्याने पिशवीतून रंधा काढला. निघताना त्याच्या बायकोने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, हात नव्हे. दार उतरवून त्याने खालची कड तासली, सवयीने कोपऱ्याची धार मारून तो गोल केला आणि दार पुन्हा चढवलं. ते आता बोटाने ढकललं तरी मुकाट्याने सरके.

क्रेनवाल्याने आल्या आल्या नेहमीसारखा खांदा लावला आणि जवळजवळ तोंडावरच पडला. सगळे हसले. मावशी जरा उशिरा हसली. पाहुण्याने हौसेने केलेल्या कामाला नावं कशी ठेवायची, म्हणून ती गप्प राहिली.

आठव्या दिवशी जहाज यायचं होतं. सकाळपासून दोघे म्हातारे धक्क्यावर डोळ्यांत तेल घालून उभे होते. दुपारी कळलं की जहाज पहाटेच पलीकडच्या धक्क्याला लागलंय. धापा टाकत घरी आले, तर मागच्या खोलीत मशीन धडधडत होतं आणि टेबलावर जाड दोऱ्याची दोन रिळं होती. मावशी बाहेर आली, रिळं पाहून मटकन खुर्चीत बसली. दर फेरीला तो तिच्यासाठी हीच आणायचा.

आता मात्र तिला बोलावंच लागलं. “भाऊ, ते दार त्यानेच बसवलंय. मला एका कानाने ऐकू येत नाही, त्यात मशीन चालू. कुणी आलेलं कळावं म्हणून त्याने मुद्दाम ते घासतं ठेवलं होतं.”

सुताराने वळून दाराची खालची कड पाहिली. तो गोल कोपरा पोराने पाहिला असणार. तसा कोपरा मारणारा माणूस जगात एकच होता. इथवर येऊनही बापाने आपलंच काम सोललं, असं समजून तो आल्या पावली परत गेला.

क्रेनवाला म्हणाला, जहाज उद्या रात्री सुटतंय. गोदीत परक्याला सोडत नाहीत, पण फाटकावरचा माणूस आपला आहे, निरोप देता येईल. सुताराने त्याला थांबवलं आणि लाकडाची एक पट्टी मागितली.

पट्टी दाराखाली ठोकली, तर दार जागचं हलेना. तासली, तर आवाज होईना. चाळीस वर्षं दारं गुळगुळीत करणाऱ्याला एक दार धड घासायला लावता येत नव्हतं. एक सूत इकडे की मुकं, एक सूत तिकडे की घट्ट. तीन पट्ट्या वाया गेल्या, तेव्हा त्याला उमगलं की पोराने हे पट्टी न ठोकता, एकाच दारात, एकाच उंबऱ्यावर नेमकं साधलं होतं. त्याला फार लाज वाटली, आणि त्या लाजेतच अभिमानही वाटला. चौथी पट्टी जमली.

“दार पुन्हा वाजतंय,” तो क्रेनवाल्याला म्हणाला. “एवढंच सांगा.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. सुतार दारासमोर खुर्ची टाकून बसला होता. जेवायला उठला नाही. चहा गार झाला.

मग दार खर्रकन ओरडलं.

पोरगा उंबऱ्यात उभा होता, कानशिलांवरचे केस पिकलेले. बापाकडे न बघता तो खाली वाकला आणि पट्टीवरून त्याने अंगठा फिरवला.

“किती वेळा केलंत?”

“चार.” बायकोचं बजावणं सुताराला आठवत होतं, तरी तो बोललाच. “तुझं माप बरोबर होतं.”

पोरगा वाकलेलाच राहिला. मागच्या खोलीतलं मशीन थांबलं.

“आलास का रे?” मावशीने आतूनच विचारलं.

“आलो,” तो म्हणाला, आणि त्याने आपल्यामागे दार लावून घेतलं.