येन अ-पेहच्या नावातलं शेवटचं अक्षर

दर गुरुवारी येन शी-खुन आपल्या छोट्या बेटावरून मोठ्या बेटावरच्या मागोंग शहरात येत, शुश्रूषागृहात बायकोला भेटत, तिला शेंगदाण्याची वडी भरवत आणि दोनच्या बोटीने परत जात. आणि दर गुरुवारी धक्क्यावर त्यांचं नाव अडायचं. प्रवाशांच्या छापील यादीत नावातल्या शेवटच्या चिनी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटे. मग तिकिटाच्या खिडकीवरची श्योउ-चू ते पेनने लिही, वर शिक्का मारी, आणि फाटकावरचा माणूस ओळखपत्राशी ताडून बघेपर्यंत मागची रांग कुरकुरत राही.

"अ-पेह, तुमच्या वडिलांना सोपं नाव नाही का हो सुचलं?" श्योउ-चूने एकदा विचारलं. म्हाताऱ्यांना अख्खा धक्का अ-पेहच म्हणायचा, म्हणजे थोरले काका.

"सुचलं असतं गं. पण ज्योतिषी म्हणाला, पोराच्या पत्रिकेत माती कमी आहे. म्हणून वर दोन 'दिशा' आणि खाली 'माती' असलेलं अक्षर शोधलं. तुमच्या यंत्रात मातीही गेली आणि दिशाही गेल्या. उरलाय नुसता येन शी-कोण-जाणे!"

सगळे हसले. आत बसलेल्या ल्याओ पेइ-रूला मात्र हसू आलं नाही. तिला बोट कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागून चारच दिवस झाले होते. मुलीच्या आजारपणात नऊ वर्षं घरी काढलेली, त्यामुळे साहेबांनी बजावलं होतं, तीन आठवडे काम बघू, मग ठरवू.

यादीचा प्रोग्राम सी भाषेतला, वीस वर्षांपूर्वीचा. त्यातल्या अक्षरांच्या तक्त्यात अ-पेहचं अक्षर नव्हतंच. पेइ-रूने ठरवलं, नावं 'रुंद' अक्षरांत ठेवायची. त्यात एकेका अक्षराला इतकी ऐसपैस जागा मिळते की कुठलंही अक्षर मावतं. आधी तिने पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला: ते एकच अक्षर पडद्यावर दाखव. पडद्यावर आलं प्रश्नचिन्ह. ती चरकली. मग आठवलं, या यंत्रावर कुठली भाषा चालते हे प्रोग्रामला सुरुवातीलाच सांगावं लागतं. तेवढी एक ओळ घातली, आणि दोन दिशा मातीवर ठाण मांडून उभ्या राहिल्या.

हुरूप येऊन तिने मोठ्या प्रोग्राममधली नावं तशीच छापायला लावली. आता शीर्षक तेवढं आलं. खाली कोरा कागद.

"आधी एकच अक्षर जायचं," श्योउ-चू म्हणाली, "तू तर अख्खी बोटच बुडवलीस की!"

"हसून घे."

दोन दिवस पेइ-रू त्यावरच बसून होती. नऊ वर्षांत आपण सगळं विसरलो, असंही मनात येऊन गेलं. छापण्याची आज्ञा प्रत्येक नावाला उणे एक परत करत होती, म्हणजे नाही जमत. का, ते सांगत नव्हती. शेवटी ती एकेक ओळ काढून बघू लागली. बोटीचं नाव आणि तारीख छापणारी शीर्षकाची ओळ काढली मात्र, सगळी नावं भराभर खाली उतरली! ती ओळ जुन्या, अरुंद पद्धतीची होती. आउटपुटला जी पद्धत पहिल्यांदा भेटते तीच ते शेवटपर्यंत धरून बसतं; दुसरीला दारातच उभं करतं, आणि तेही चकार शब्द न काढता.

"मग शीर्षकापुरतंच बदल," साहेब म्हणाले.

"नाही चालणार साहेब. दोन्ही पद्धती एकत्र नांदत नाहीत. छापणाऱ्या सगळ्या त्रेसष्ट ओळी बदलते. शुक्रवारपर्यंत…"

"गुरुवारपर्यंत."

गुरुवारी श्योउ-चूने यादी फाटकावर नेऊन दिली. माणसाने ओळखपत्र बघितलं, यादी बघितली आणि हात हलवला. "चला, अ-पेह."

"एवढंच?" अ-पेह तिथेच थबकले. त्यांनी यादी मागून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि आपल्या नावावरून अंगठा फिरवला. मग खिडकीकडे वळले. "कुणी केलं हे?"

श्योउ-चूने पेइ-रूला पुढे ढकललं.

"पोरी, माझ्या नातवाला पुढच्या महिन्यात मूल होणार आहे. मी म्हटलं होतं, सोपं नाव ठेवा, नाहीतर माझ्यासारखा खिडकीखिडकीशी भांडत बसेल बिचारा. आता सांगतो त्यांना, आवडेल ते ठेवा."

"ठेवू द्या, अ-पेह. अडलं तर माझ्याकडे पाठवा."

"पण तू असशील ना इथे?"

पेइ-रूने साहेबांकडे पाहिलं. साहेब यादीची दुसरी प्रत वाचण्यात गर्क असल्यासारखे दिसत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "असेल, असेल. बोट सुटतेय, अ-पेह, पळा!"